बाकावरची वीस वर्षं

दादर, मुंबई
रविवार, दुपार

पोरी,

तुझा लांबलचक निरोप काल रात्री वाचला. सकाळी चष्मा पुसून परत वाचला. तुझं गाऱ्हाणं थोडक्यात असं: राजकारण शिकायचं म्हणून तू खासदारांच्या कचेरीत लागलीस आणि आठ महिने झाले तरी हाती काय, तर रेल्वेच्या कोट्याची पत्रं, हॉस्पिटलसाठी शिफारशीच्या चिठ्ठ्या आणि बागेतल्या बाकड्यावर कुणाचं नाव किती मोठं टाकायचं त्याची भांडणं. त्यात साहेबांना यंदाही मंत्रिपद मिळालं नाही, म्हणून सगळी कचेरी सुतकात. मंत्री न होणाऱ्या माणसाकडे राहून आपलं काय होणार, दुसरीकडे उडी मारू का, असं तू विचारतेस.

मारायची तर मार, मी कोण अडवणार? पण त्याआधी एक हिशेब माझ्याबरोबर कर. कागद घे.

प्रा. मधु दंडवते, समाजवादी खासदार. मतदारसंघ कोकणातला राजापूर. १९७१ पासून लागोपाठ पाच निवडणुका जिंकल्या, १९९१ ला हरले. वीस वर्षं म्हणजे २४० महिने. त्यात मंत्री किती? मार्च १९७७ ते जुलै १९७९ रेल्वेमंत्री, साधारण २८ महिने. डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० अर्थमंत्री, ११ महिने. एकूण ३९. उरले दोनशे. हे दोनशे महिने तो माणूस काय करत होता, ते तुला कळलं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझं तूच काढशील. लोक त्या ३९ महिन्यांच्याच गोष्टी सांगतात, कारण त्या सांगायला सोप्या आहेत. मीही सांगणार आहे, पण नंतर.

माझं पहिलं मत १९७१ चं. तेव्हा मताला २१ वर्षं पूर्ण लागायची, अठराचं वय पुढे १९८९ मध्ये आलं. आमच्या गावाची खोली लालबागला होती. खोली म्हणजे दहा बाय बाराची, पण गिरणीच्या तीन पाळ्या असल्यामुळे तिच्यात पंचवीस-तीस माणसं सहज मावायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच वळकटीवर तिसऱ्या पाळीचा येऊन पडणार. जेवण खानावळीत. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. मी कॉलेजात जाणारा, म्हणजे खोलीचा लेखनिक. महिन्याच्या पगारानंतर सगळ्यांच्या मनिऑर्डरी मी भरायचो. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे, त्यावर चार ओळी लिहायला जागा. एरवी त्यात काय असायचं? ‘गाय व्याली का कळवणे. आईस खोकल्याचे औषध आणवणे. पावसाआधी कौले चाळून घेणे.’ त्या महिन्यात प्रत्येक कुपनावर चौथी ओळ एकच होती: ‘मत झोपडीला.’ झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी. पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि चाकरमान्याचा शब्द घरात मानला जायचा, कारण चूल त्याच्या पैशावर पेटत होती. राजापूर मतदारसंघाचा अर्धा प्रचार लालबाग-परळमध्ये होत असे, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. ती कुपनं मी लिहिली आहेत, म्हणून मी हसत नाही.

त्या साली जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै गेले. १९५७ पासूनचे आमचे खासदार. त्यांच्या जागी उभं राहणं म्हणजे भरल्या घरात नव्या सुनेसारखं. दंडवते मूळचे अहमदनगरचे, राहायचे मुंबईत, फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात मार खाऊन आलेले, तेवढा कोकणाशी धागा. बाहेरचा उमेदवार. आणि देशभर इंदिरा गांधींची लाट. त्या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे सगळ्या देशातून दोन खासदार निवडून आले. दोन! त्यातले एक हे.

आता लक्ष दे. लोकसभेत बोलायला वेळ पक्षाच्या बळाप्रमाणे वाटतात. दोघांच्या पक्षाच्या वाट्याला काय येणार, मिनिटं. अशा माणसाकडे मंत्रिपद नाही, वेळ नाही, आणि खासदार निधी ही चीज तर तेव्हा जन्मालाच आली नव्हती. ती आली १९९३ च्या डिसेंबरात, म्हणजे दंडवते हरून दोन वर्षं झाल्यावर. आज वर्षाला पाच कोटी रुपये येतात आणि तुमच्या कचेरीतला निम्मा वेळ ते कुठल्या गल्लीत, कुणाच्या नावाने घालायचे यात जातो. दंडवत्यांच्या वीस वर्षांत एकही बाकडं त्यांच्या नावाचं झालं नसेल. त्यांच्या हातात होती ती फक्त नियमांची पुस्तिका, जी तुझ्या कचेरीत कपाटावर धूळ खात पडलेली असणार. आहे ना? खाली काढ.

तिच्यात काय आहे ते सगळं मी सांगत बसत नाही, दोन हत्यारं दाखवतो.

एक, कपात सूचना. सरकार एखाद्या खात्यासाठी अमुक कोटी मागतं, तेव्हा विरोधी सदस्य म्हणू शकतो की ‘ही मागणी १०० रुपयांनी कमी करावी’. कोटींतले शंभर रुपये! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती. ते शंभर रुपये म्हणजे दारावरची कडी. ती वाजवली की त्या खात्याच्या एखाद्या नेमक्या तक्रारीवर बोलायचा हक्क मिळतो. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. सूचना पडतेच, सरकारकडे बहुमत असतं. पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात राहतं.

दुसरं, प्रश्न. यातच माझी हयात गेली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

तारांकित प्रश्न दिवसाला वीस, त्यांना तोंडी उत्तर आणि वर पुरवणी प्रश्न. पण प्रश्नोत्तराच्या तासात चार-पाचच निघतात, बाकीच्यांना लेखी उत्तर चिकटवून देतात. अतारांकित २३०, सगळे लेखी. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला. हे तुला ठाऊक असेल. ठाऊक नसतं ते असं की उत्तर लिहिणारा माणूसही तुझ्या-माझ्यासारखाच एक कारकून असतो, आणि त्याचं सगळं कौशल्य तुला काहीही न सांगता उत्तर पूर्ण करण्यात असतं.

१९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. मी एका खासदारांच्या इथल्या कचेरीत टपाल पाहायचो. नाव सोड, ते आता नाहीत. टेलिफोनसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबलेली, रोज दहा अर्ज यायचे. मी पोटतिडकीने प्रश्न तयार केला: मुंबईतल्या सामान्य नागरिकांना टेलिफोनसाठी असह्य विलंब सोसावा लागतो हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय, आणि हा अन्याय दूर करण्यासाठी सरकार कोणती ठोस पावले उचलत आहे? मला तो भलताच झणझणीत वाटला. साहेबांनी न वाचता सही केली. उत्तर आलं तीन ओळींचं. (क): नाही. (ख): प्रश्न उद्भवत नाही. (ग): उपलब्ध साधनसामग्रीनुसार टप्प्याटप्प्याने जोडण्या देण्यात येत आहेत. झालं! ‘असह्य’ या माझ्याच शब्दाला धरून त्याने ‘नाही’ म्हटलं, आणि ‘असल्यास’ म्हणून मीच त्याला (ख) मधून पळवाट काढून दिली होती. विलंब होता, पण असह्य नव्हता! पुढच्या अधिवेशनात मी विशेषण एकही ठेवलं नाही. अमुक तारखेला प्रतीक्षायादीत किती, त्यातले पाच वर्षांपेक्षा जुने किती, एक्स्चेंजवार आकडे द्या. दोन पानी तक्ता आला. तो तक्ता घेऊन साहेब पुढे वर्षभर बोलत होते.

दंडवत्यांची भाषणं वाचलीस तर तुला हा आकड्यांचा शहाणपणा जागोजागी दिसेल. लोकसभेच्या जुन्या चर्चा आता संगणकावर मिळतात, आम्हाला ग्रंथालयात जाऊन लाल बांधणीचे खंड उपसावे लागत. प्रयोगशाळेत शिकवलेला माणूस मोजल्याशिवाय बोलत नाही, शिवाय यांची जीभ तिखट आणि विनोद जागेवर. पण विनोदावर जाऊ नकोस, तो उसना घेता येत नाही. मोजणं घेता येतं.

आणीबाणीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालंय. जून १९७५ मध्ये ते बंगळूरला होते, पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी. वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि हे, चौघांना तिथेच पकडलं. संसदेच्याच समितीचं काम करायला गेलेल्या सदस्यांना! बंगळूरच्या तुरुंगात हे, पुण्याला येरवड्यात त्यांच्या पत्नी प्रमिलाताई. नवरा-बायकोचा संसार वर्षभराहून जास्त टपालानं चालला. पुढे १९८० मध्ये प्रमिलाताई मुंबई उत्तर-मध्य मधून लोकसभेत गेल्या, दोघं एकाच सभागृहात. तू बाईमाणूस म्हणून राजकारणात कसं टिकायचं असं विचारलंस, तर माझ्यापेक्षा प्रमिलाताई, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचं आयुष्य वाच. या शहराने तशा बायका दिल्लीला पाठवल्या आहेत. पुरुषाने त्यावर सल्ला देऊ नये, असं माझी बायको आत्ता मागून म्हणते आहे.

बरं, आता ते ३९ महिने.

१९७७ ला जनता पक्षाचं सरकार आलं आणि दंडवत्यांना रेल्वे मिळाली. तिसरा वर्ग १९७४ मध्येच कागदावरून गेला होता. गेला म्हणजे डब्यावरच्या आकड्याला नवा रंग दिला, आणि तिसऱ्याचे प्रवासी एका रात्रीत दुसऱ्या वर्गाचे झाले. बसायला तीच लाकडी फळी. रात्रभर त्या फळीवर झोपून उठलं की बरगड्यांवर पट्ट्यांचे वळ दिसायचे, मी स्वतः पाहिलेत. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घालायला लावला. वरच्या वर्गाची गादी काढून घेतली नाही, खालच्याला दिली. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तिच्यात वर्गच नव्हते. आणि १९७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्या रेल्वे कामगारांना परत घेतलं. परळच्या रेल्वे वर्कशॉपातल्या माणसांच्या घरी तेव्हा काय वातावरण होतं ते तुझ्या आजोबांना विचार.

दोन इंच फोमची गोष्ट सगळे सांगतात आणि टाळ्या घेतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. मंत्री झाल्यावर पहिल्या दिवशी कुणाला फोम सुचत नाही. सहा वर्षं विरोधी बाकावर बसून रेल्वेच्या मागण्यांवर डोकं घातलेलं असलं आणि मतदार ट्रंका घेऊन मुंबईला येणारे-जाणारे असले की सुचतो. गंमत बघ, ज्यांच्या मतांवर हे रेल्वेमंत्री झाले त्यांच्या गावाला रेल्वेच नव्हती! आम्ही एसटीच्या मागच्या बाकावर आदळत नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचो. कोकण रेल्वेसाठी नाथ पै बोलले, दंडवते बोलले, कितीतरी जण बोलले, आणि दर वेळी ‘आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही’ हे उत्तर. ते उत्तर इतक्या वेळा आलं की ते ठरीव वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं.

अर्थमंत्री म्हणून ११ महिन्यांबद्दल माझं मत संमिश्र आहे, ते लपवत नाही. १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा काढून टाकायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी तो गेला. १९६८ चा कायदा, ज्याने सोन्याची तस्करी थांबली नाही, फक्त गल्लीतला सोनार भिऊन राहिला. झवेरी बाजारात विचार. हे चांगलं झालं. दहा हजारांपर्यंतची शेतकऱ्यांची कर्जमाफीही त्याच सरकारची. तिच्याबद्दल मी अजून साशंक आहे, सहकारी बँकेत काम केलेल्या कुणाशीही बोल, तोही तुला कपाळाला हात लावून दाखवेल. परकीय चलनाची चणचण तेव्हाच दारात आली होती, तिचं पुढे काय झालं ते तू शाळेत शिकलीस. अकरा महिन्यांत कोण काय करणार, असंही म्हणता येतं. मी तसं म्हणतो, पण जरा ओशाळून.

पण त्याच ११ महिन्यांत रेल्वे जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होती आणि तिजोरी दंडवत्यांकडे. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ सहा-सहा, आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा करायचा. ‘परवडणारी नाही’ या उत्तराला हे उत्तर होतं. एक पै अर्थसंकल्पातून मागून चालणार नाही हे वीस वर्षं ऐकलेल्या माणसालाच पैसा बाहेरून कसा आणायचा ते सुचणार. ई. श्रीधरन यांनी ती बांधली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला.

तोवर दंडवते लोकसभेत नव्हते. १९८४ मध्ये, काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात विरोधकांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तेव्हाही राजापूरने त्यांना पाठवलं होतं. त्याच राजापूरने १९९१ ला पाडलं. का पाडलं? लोक नाना कारणं देतात. मला वाटतं त्यातलं एक लालबागच्या त्या खोलीत आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, खोल्या रिकाम्या झाल्या. मनिऑर्डर गेली तिथे कुपनावरची चौथी ओळही गेली. माझे वडील १९८४ ला कायमचे गावी गेले आणि पुढच्या निवडणुकीत माझ्याच घरातल्या पोरांनी मला न विचारता मत दिलं. मला राग आला नाही असं म्हणणार नाही.

१९९८ ला मी पहिल्यांदा गाडीने गावी गेलो. खिडकीत बसलो होतो. समोरच्या बर्थवर एक पोरगं गाढ झोपलं होतं, तोंड उघडं टाकून, फोमवर. त्याला कोण दंडवते ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आता तुझ्याकडे येतो. निरोपाबरोबर तू एक मसुदा पाठवलास, तो खरं तर तुझ्या सगळ्या रडगाण्यापेक्षा मला आवडला. तुमची चाळ गिरणीच्या जागेवरची. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर त्या गिरण्या एनटीसीकडे (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ), म्हणजे केंद्राकडे गेल्या. तेव्हा तुमच्या जिन्याचं लाकूड कुजलं तर त्याचं उत्तर वस्त्रोद्योग मंत्रालयाने द्यायचं, हे तू बरोबर ओळखलंस. मुंबईतल्या किती कार्यकर्त्यांना हे सुचलं असतं? ते महापालिकेत जाऊन धरणं धरून आले असते.

पण मसुदा माझ्या टेलिफोनसारखाच झालाय. ‘रहिवासी जीव मुठीत धरून राहत आहेत हे सरकारला माहीत आहे काय’, यावर ‘नाही’ येणार. ‘ठोस पावले’ वर ‘टप्प्याटप्प्याने’ येणार. मी लाल पेनाने असं केलंय:

(क) मुंबईतील एनटीसीच्या जागांवर आजमितीस किती चाळी आहेत व त्यांत किती कुटुंबे राहतात, चाळवार तपशील द्यावा;
(ख) त्यांपैकी किती चाळींचे संरचनात्मक परीक्षण झाले आहे, कोणत्या तारखेस, व अहवालात धोकादायक ठरलेल्या चाळी कोणत्या;
(ग) पुनर्विकासाबाबत राज्य सरकारकडून आलेले प्रस्ताव मंत्रालयास कोणकोणत्या तारखांना मिळाले व त्यांवर कोणत्या तारखेस निर्णय झाला.

बघ, एकही ‘असल्यास’ नाही. चाळवार विचारलंस की तुमच्या चाळीचं नाव त्या तक्त्यात छापून येणार, आणि ते एकदा छापलं की कुठल्याही सरकारला ते खोडता येत नाही.

साहेबांना हे कसं पटवायचं, तर मंत्रिपदाचं सुतक चाललंय तोवरच सही घे. मंत्री झालेला माणूस सभागृहात प्रश्न विचारू शकत नाही, ज्यांना मंत्रिपद मिळालं नाही तेच विचारू शकतात, हे त्यांना गोड बोलून सांग. चहा झाल्यावर, आधी नको.

(घ) मी रिकामा ठेवलाय. तुमच्या चाळ कमिटीची फाइल कुणाकडे आहे ते शोध. तिच्यात मंत्रालयाकडून आलेलं शेवटचं पत्र असेल, त्यावरची तारीख आणि जावक क्रमांक उतरवून आण. झेरॉक्स मिळाली तर उत्तम, फोनवरचा फोटो मला नीट दिसत नाही. मंगळवारी सहानंतर मी घरीच आहे. आमची लिफ्ट अजून बंदच आहे, दोन जिने चढायची तयारी ठेव.

तुझा,
काका